फ फिटचा

४ फेब्रुवारी

अहो,

हसू नका. तुम्ही फौजेत होतात तेव्हा पत्रं लिहायचे, त्यानंतर आजच हातात पेन धरलंय. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून ओळी उताराला लागल्यात. शिकायला येणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई अजून पोचायच्या आहेत. निवृत्त होऊन त्यांना गाडी शिकायची हौस आली आणि सगळं गाव सोडून त्या माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आल्या. काल त्यांनी वळताना हात बाहेर काढला, वर्गात एखाद्याला गप्प करतात तसा, आणि मागचा टेम्पो खरंच थांबला.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, सुरुवातीला फोन नाही आणि भेटही नाही. गोळ्या एकदम बंद करत नाहीत, दुसरं औषध देऊन हळूहळू उतरवतात, आणि त्या दिवसांत घरचं माणूस दिसलं की पेशंट पिशवी उचलून निघतो. पत्र चालेल, पण उघडून पाहू, म्हणाल्या. पाहू देत. सिस्टर, तुम्ही हे वाचत असाल तर यांना झोपताना उशी पाठीखाली नको, गुडघ्यांखाली द्या. हे स्वतः सांगणार नाहीत. हे स्वतः काहीच सांगत नाहीत.

काल विजेरी लागेना म्हणून उघडली, तर सेलच्या जागी गोळ्यांची पट्टी गुंडाळून ठेवलेली. मग मी कंबर कसली. पान्यांच्या पेटीत एक, जुन्या बुटात एक, रेडिओच्या पाठीत एक. धन्य आहात. इतकी अक्कल तुम्ही कपाट आवरायला वापरली असती तर माझा संसार सोन्याचा झाला असता. सगळ्या पट्ट्या औषधाच्या दुकानात परत दिल्या. अगदी सगळ्या.

तुमचाच जुना विनोद आठवला. इतकी वर्षं बंदूक बाळगली तेव्हा कधी गोळी लागली नाही, घरी आलो आणि गोळी लागली. पाहुण्यांसमोर तुम्ही तो सांगायचात आणि मीही हसायचे. आता कुणी सांगितला तर मला हसू येईलसं वाटत नाही.

चहाची शेगडी मी बाहेरच्या खोलीत आणली आहे. तिथं उजेड बरा असतो आणि फाटकावर लक्ष राहतं. बाई आल्या. इकडे सगळं ठीक आहे, तिकडचं कळवा.

तुमची,
अगं


११ फेब्रुवारी

अहो,

पत्र मिळालं. पाकिटावरचा पत्ता पत्रापेक्षा लांब आहे. 'मी फिट आहे. काळजी नको. गाडीचं ऑइल बदल.' संपलं.

गाडीचं ऑइल बदललं. आता फिटबद्दल बोलू.

आठबोटे भावजी येऊन गेले. (सिस्टर, हे त्यांचं आडनाव नव्हे. लोकांना तसं वाटतं आणि ते वाटू देतात.) माजी सैनिकांच्या कचेरीत अर्ज-अपिलं तेच बघतात, त्यामुळे आपलं पेन्शनचं अपील त्यांनीच दाखल केलं. ते म्हणाले, मेडिकल बोर्डासमोर तुम्ही पुन्हा उभे राहाल तेव्हा सोबत पत्नीचं निवेदन जोडायचं. काय झालं, कसं झालं, ते माझ्या शब्दांत. म्हणून आधी इथं जुळवून पाहते. तुम्हाला सगळं पाठ आहे, पण चुकलं तर सांगा.

ट्रक दरीत गेला. तुम्ही चालवत होतात. तुम्ही मागच्या दोघांना ओढून बाहेर काढलंत, त्यातले एक भावजी. त्यांची दोन बोटं तिथंच राहिली आणि तुमचे दोन मणके कामातून गेले. मणक्यांत स्क्रू बसवले. गोळ्या फौजेच्याच इस्पितळात सुरू झाल्या, त्या तुम्ही काही चोरून आणल्या नव्हत्या. दुखलं की एक घ्यायची. मग दुखायच्या आधी एक. मग दुखेल या भीतीने एक. पुढे तर न दुखताही घ्यावी लागायची, कारण घेतली नाही की नाक गळायचं, पाय पलंगावर झटके द्यायचे आणि तुम्ही भरल्या घरात एकटे असल्यासारखे चिडायचात.

मग अपंगत्वाच्या पेन्शनसाठी पहिला बोर्ड झाला. आदल्या दिवशी तुम्ही बूट पॉलिश करत बसला होतात तेव्हाच मला कळायला हवं होतं. बोर्डाच्या कचेरीतल्या मोरीत जाऊन मूठभर गोळ्या घेतल्यात आणि परेडला निघाल्यासारखे ताठ आत गेलात. त्यांनी विचारलं, 'कसे आहात?' तुम्ही म्हणालात, 'फिट, सर.' फौजेत रोज सकाळच्या हजेरीला हेच उत्तर द्यायचं असतं, दुसरं दिलं तर रांगेतून बाहेर काढतात, हे तुम्ही मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. पण ती हजेरी नव्हती हो. अपंगत्व मागायला गेला होतात तुम्ही.

त्यानंतर स्वयंपाकघरात तुम्ही पडलात. हातपाय ताठ, डोळे वर. डॉक्टर म्हणाले, फिट आली, इतक्या गोळ्या घेतल्या की येते.

आणि मग माझा पराक्रम. त्या कचेरीतून चौकशीचा फोन आला तेव्हा मी चौकात बाईंच्या शेजारी बसले होते. पलीकडच्या मुलीने विचारलं, 'सध्या त्यांची तब्येत कशी आहे?' मी म्हटलं, 'फिट...' आणि पुढचं 'आली होती' तोंडातून निघायच्या आत बाईंनी लाल दिव्यावर गाडी पुढे घातली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. फोन उडाला आणि सीटखाली गेला. तो सापडेपर्यंत त्या मुलीने ऐकलं तेवढं लिहून घेतलं होतं.

निकालपत्रात काय छापून आलं ते तुम्ही चारचारदा वाचलंत. 'अर्जदार व पत्नी या दोघांच्याही सांगण्यानुसार प्रकृती फिट.' लग्नाला इतकी वर्षं झाली, आपलं पहिल्यांदा एकमत झालं आणि तेही सरकारी कागदावर.

त्या संध्याकाळी तुम्ही पिशवी भरलीत आणि म्हणालात, 'वॉर्डात सोड मला.' मी गाडी काढली. वाटेत तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की तिसरा गिअर आवाज करतोय. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

इकडे सगळं ठीक आहे.

तुमची,
अगं


१९ फेब्रुवारी

अहो,

भावजी पुन्हा आले होते. निवेदनाचा कच्चा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. गोळ्यांचा भाग आला तसा त्यांनी कप खाली ठेवला.

'वहिनी, गोळ्यांचं नाव काढू नका,' ते म्हणाले.

'का बरं?'

'पाठीबद्दल लिहा, स्क्रूबद्दल लिहा, हवं तेवढं लिहा. पण गोळ्या म्हटलं की बोर्ड म्हणणार, व्यसनी माणूस आहे, स्वतःच्या हाताने करून घेतलं. मग पाठीचंही जाईल. मी पाहिलंय असं होताना.'

'मग गेल्या वेळी हे ताठ चालत कसे गेले, ते काय सांगू?'

'सांगा, त्या दिवशी बरं वाटत होतं.'

'आणि फिट?'

'फिटचं तर नावच नको. त्या शब्दाने आधीच आपली वाट लावली आहे.'

ते वाईट सांगत नव्हते. तुमच्यावर त्यांचा जीव आहे, त्या दरीतून तुम्ही त्यांना वर आणलंय. पण गोळ्या वगळल्या तर माझ्या निवेदनात एक माणूस दिसतो, ज्याच्या मणक्यांत स्क्रू आहेत आणि जो बोर्डासमोर सैनिकासारखा चालतो. अशा माणसाला मीसुद्धा पेन्शन देणार नाही. आणि गोळ्या लिहिल्या आणि भावजी म्हणतात तसं झालं, तर तुमच्या नावाला कायमचा डाग लागेल, तोही माझ्या हातून. एक फिट मी आधीच माझ्या तोंडाने लिहवून घेतलीय.

आणखी एक. जाताना भावजी दारात बूट घालायला वाकले. आठ बोटांनी ते एरवी चुटकीसरशी नाडी बांधतात. आज बराच वेळ लागला. सारख्या जांभया देत होते, रुमालाने नाक पुसत होते. मग वर न पाहता म्हणाले, 'घरात उरल्या आहेत का एखाद-दोन? टाकायच्या असतील तर म्हटलं मी जाता जाता टाकतो.'

मी म्हटलं, सगळ्या परत दिल्या.

'बरं झालं,' ते म्हणाले. पण चेहरा बरं झाल्याचा नव्हता. तो चेहरा मी ओळखते हो, पट्टी संपली की आपल्या आरशात तो रोज दिसायचा. त्यांनाही लागली आहे, तुम्हाला माहीत होतं का? माहीत असणारच. तुम्ही दोघं मिळून माझ्यासमोर 'फिट, फिट' म्हणत होतात.

तर आता मला सांगा. गोळ्यांचं लिहू की नको? नाव तुमचं आहे, पाठही तुमचीच. तुम्ही म्हणाल तसं करीन.

बाईंना रिव्हर्स जमत नाही. म्हणतात, 'आयुष्यात मागे वळून पाहिलं नाही मी.' मी म्हटलं, 'बाई, आरशात पाहिलं तरी चालतं.' इकडे सगळं ठीक आहे.

तुमची,
अगं


२६ फेब्रुवारी

'तुला योग्य वाटेल ते लिही. मी फिट.'

हे उत्तर झालं?

मी रागावले आहे. सिस्टर, तुम्ही वाचत असाल तर हे यांना मोठ्याने वाचून दाखवा.

माझ्याकडे दोन तऱ्हेचे लोक गाडी शिकायला येतात. एक म्हणतो, 'मॅडम, मला भीती वाटते.' त्याच्या शेजारी मी निवांत बसते, कारण काही झालं तर तो आधी ओरडणार. दुसरा काही सांगायच्या आत म्हणतो, 'कळलं, कळलं.' त्याच्या शेजारी बसले की माझा पाय पूर्णवेळ ब्रेकवर. तुम्ही दुसऱ्या तऱ्हेचे आहात, आणि मी फक्त गाडीतच शेजारी बसत नाही. तुम्ही कूस बदललीत, श्वास अडखळला, मोरीतून यायला उशीर झाला, की माझा पाय अंथरुणातसुद्धा दाबला जातो. इतकी वर्षं मी ब्रेकवर पाय ठेवून झोपते आहे.

मला पेन्शन नको असं नाही. हवी आहे, तुमच्या हक्काची आहे. पण त्याहून मला एकच गोष्ट हवी आहे. तुम्ही एकदा, कुणाहीसमोर, तोंडाने म्हणा की दुखतं. मला नका सांगू, माझ्यासमोर मानी माणसाला जड जातं. बोर्डासमोर म्हणा. त्यांनी अर्ज पुन्हा फेटाळला तरी मी त्यांना एक शब्द बोलणार नाही. पण पुन्हा फिट म्हणून आलात तर घरी काय आणायचं मी? पुन्हा तीच विजेरी आणि तेच बूट?

निवेदनाचा पक्का कागद कोराच आहे. तुम्ही लिही म्हणाल तर लिहीन, नको म्हणाल तर नाही. पण मला योग्य वाटेल ते, असं म्हणून माझ्या गळ्यात बांधू नका.

इकडे सगळं ठीक आहे.

मास्तरीण


६ मार्च

अहो,

'लिही.'

एवढंच आहे. मी कागद उलटून पाहिला, पाकीट झटकून पाहिलं. मग दिसलं की वर काहीतरी खोडलंय. खिडकीशी उजेडाला धरून पाहिलं. 'मी फि' आहे. ट लिहायच्या आधी थांबलात.

ते पत्र मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवलंय, लायसन्सच्या शेजारी. मागच्या पत्रात जास्त बोलले असेन. नाही, जास्त नाही बोलले. पण आवाज मोठा होता, तेवढ्याबद्दल राग मानू नका.

निवेदन लिहिलं. सगळं लिहिलं. मोरी, मूठभर गोळ्या, पॉलिशचे बूट, स्वयंपाकघर, चौकातला फोन. फिट शब्द दोन्ही अर्थांनी लिहिला आणि कुठला कुठे ते स्पष्ट केलं. बाईंनी वेलांट्या तपासून देते म्हटलं म्हणून त्यांच्याकडे कागद दिला. लाल पेन काढून सुरुवात केली, पहिल्या पानावर चार ठिकाणी गोल केले. दुसऱ्या पानावर पेन टोपणात गेलं. वाचून झाल्यावर स्टिअरिंगवर बसल्या आणि त्या दिवशी त्यांनी गाडी अशी मागे घेतली की मला सांगायला काही उरलं नाही. उतरताना म्हणाल्या, 'त्या फोनच्या वेळी लाल दिवा मला दिसला नव्हता. हेही लिही त्यात.' लिहिलं.

भावजींनी निवेदन वाचलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणाले, 'वहिनी, आता त्याने तिथं वेगळं सांगितलं तर तुमचं खोटं ठरेल.' बरोबर आहे त्यांचं. निवेदन एक सांगेल आणि तुम्ही पुन्हा 'फिट, सर' म्हणालात तर बोर्ड तुमचंच धरणार. फौजेतला माणूस एका बाजूला आणि चौकात फोन पाडणारी बायको दुसऱ्या बाजूला. तेव्हा सगळं तुमच्या जिभेवर आहे.

पंधरा तारखेला बोर्ड आहे. वॉर्डाचा अटेंडंट तुम्हाला घेऊन येईल, मी आणि भावजी तिथंच भेटू. माझ्या सूचना ऐका. बूट पॉलिश करायचे नाहीत. चपला घालून या. पाठ वाकली तर वाकू द्या, ती कुणाच्या बापाची नाही. बसावंसं वाटलं तर बसा. आणि कुणी 'कसे आहात' म्हणालं तर लगेच उत्तर देऊ नका. एक श्वास घ्या. गिअर बदलण्याआधी क्लच दाबतात, तसं.

इकडे सगळं ठीक आहे.

तुमची,
अगं


१६ मार्च

अहो,

कालचं सगळं तुम्ही पाहिलंत, पण तुमच्या पाठीमागचं तुम्हाला दिसलं नाही. ते सांगते.

आधी बाकावरचं. इतका वेळ बसवून ठेवतील असं मला वाटलं नव्हतं. लाकडी बाक, पाठीला टेकायला भिंत, तीही गार. तुमच्या कपाळावर घाम यायला लागला तेव्हा अटेंडंट पेपर वाचत होता आणि भावजी खिडकीशी उभे होते. तुम्ही दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती. मी विचारलं, 'पाणी देऊ?' तुम्ही मान हलवलीत. आणि मग माझ्या पर्सकडे पाहिलंत. नुसतं पाहिलंत आणि नजर काढून घेतलीत.

तुम्हाला संशय आला होता का, ते मला माहीत नाही. पण तुमचा अंदाज खरा होता. पर्समध्ये एक पट्टी होती.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, अगदी सगळ्या परत दिल्या. खोटं लिहिलं. एक मी माझ्या शिलाईच्या डब्यात ठेवली होती, बटणांखाली. तुम्ही विजेरीत लपवली, मी बटणांखाली, आणि वर तुम्हाला नावं ठेवली. का ठेवली विचाराल, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून कण्हता ते मला ऐकवत नाही म्हणून. ती पट्टी तुमच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. काल निघताना हात आपोआप डब्यात गेला.

एक गोळी दिली असती तर तुम्ही ताठ चालत आत गेला असता. आणि खरं सांगू, तुम्ही ताठ चाललेले मला आवडता. तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या चालीवरच भाळले होते, चेहरा नंतर पाहिला. माझा हात पर्सच्या चेनपर्यंत गेला होता.

मग मी उठले, पर्स बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसले. तुम्हाला वाटलं असेल, बाईला बाक टोचतो. पुकारा होईपर्यंत मी त्या पट्टीवर बसून होते.

आत गेल्यावर मी तुमच्या डाव्या बाजूला जरा मागे होते. अध्यक्ष डॉक्टर मॅडमनी माझं निवेदन समोर ठेवलं होतं, पण त्या ते वाचत नव्हत्या, तुमच्या चपलांकडे पाहत होत्या. मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, 'कसे आहात?'

तुम्ही क्लच दाबला नाहीत. सवयीने टाचा जुळल्या, चपलांचा आवाजसुद्धा झाला. हनुवटी वर गेली आणि खालचा ओठ दाताखाली आला. मला बाजूने स्पष्ट दिसत होतं. फ आला होता. फिटचा फ. तो मी तुमच्या तोंडावर हजारदा पाहिलाय, डॉक्टरांसमोर, लेकीच्या फोनवर, जिन्यात अर्ध्यावर थांबता तेव्हा. माझा पाय खाली दाबला गेला. ती सरकारी फरशी होती, तिला ब्रेक नव्हता.

किती वेळ तुम्ही त्या फवर थांबला होतात कुणास ठाऊक. मॅडमनी पेन उचललं होतं.

'फार दुखतं, मॅडम,' तुम्ही म्हणालात.

मग तुम्हाला थांबवता आलं नाही. 'गेल्या वेळी गोळ्या खाऊन आलो होतो म्हणून ताठ चाललो. गोळ्या मला सुटत नव्हत्या. आता वॉर्डात आहे. आज फक्त तिथलं औषध घेतलंय. बसू का?' हे सगळं एका दमात, आणि बसू का हे इतक्या हळू की मॅडमनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही पाहिलं नाहीत ते हे की दारापाशी उभे असलेले भावजी 'सुटत नव्हत्या' ऐकलं तेव्हा भिंतीकडे वळले आणि तुम्ही बसेपर्यंत वळलेच नाहीत.

मॅडमनी वॉर्डाचे कागद मागवलेत आणि जुन्या नोंदीतल्या फिटवर रेघ मारली, माझ्यासमोर मारली. निकाल टपालाने येईल. काय येईल ते माहीत नाही, भावजींची भीती खरीही ठरेल. ठरली तर पुढचं पुढे बघू. मी तुम्हाला शब्द दिलाय, बोर्डाला काही बोलणार नाही. मला हवं होतं ते मी घेऊन आले.

निघताना मी पाऊल टाकलं तशी जरा लंगडले. मॅडम म्हणाल्या, 'आणि तुम्ही कशा आहात?' मी म्हटलं, 'मी ठीक आहे.' तुम्ही खुर्चीतून वळून माझ्याकडे पाहिलंत. तो चेहरा मी घरी येईपर्यंत विसरले नाही, कारण इतकी वर्षं तुमच्याकडे पाहताना माझा तोच असायचा.

भावजी तुम्हाला पोचवायला वॉर्डात आले. मी फाटकाशी गाडी चालू ठेवून त्यांची वाट पाहत बसले. ते काही बाहेर येईनात. शेवटी सिस्टरच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'त्यांचे कपडे उद्या आणून द्याल का?' तुमच्या शेजारच्या पलंगावर आहेत म्हणे. त्यांना सांगा, पायजमे आणते, आणि कचेरीच्या किल्ल्या माझ्याकडे द्या. आणि त्यांच्याही गुडघ्यांखाली उशी लागते का, ते विचारून ठेवा.

बटणांखालची पट्टी आज सकाळी औषधाच्या दुकानात दिली. सिस्टर, तुम्ही वाचत असाल तर या वेळी खरंच दिली.

आता पत्र संपवायचं तर रोजचंच वाक्य लिहायला हात गेला होता. ते लिहीत नाही.

इकडे सगळं ठीक नाही. तुम्ही पडलात त्या स्वयंपाकघरात, तुम्ही वॉर्डात गेल्यापासून, मी गेलेले नाही. शेगडी बाहेर आणली तेव्हा उजेडाबिजेडाचं मी उगीच लिहिलं, स्वयंपाकघरात उजेड नेहमीच चांगला असतो. मला त्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. ब्रेकचा गुडघा सुजलाय, उतरताना गाडीचं दार धरावं लागतं, आणि बाईंनी ते पाहिलंय. अंथरुणात शेजारी कुणी कूस बदलत नाही, तरी पाय दाबलेलाच असतो, आणि ज्याच्यासाठी दाबायचा तो माणूस तिथं नसतो.

घरी आलात की आधी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात या. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. वाकून उभे राहिलात तरी चालेल.

तिकडे किती दुखतं ते कळवत जा. इकडे फार दुखतं.

तुमची,
अगं